पोलंडचा ‘कोलाज’ ऐकायला सुरुवात कुठून करावी? नव्या श्रोत्यांसाठी

‘कोलाज’ हा वॉर्सातला निओ-प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. १९८५ मध्ये सुरू झाला, १९९४ मध्ये ‘मूनशाइन’ नावाचा अल्बम काढला आणि काही वर्षांतच थंडावला. नंतर जवळपास तीन दशकांनी त्याचा नवा अल्बम आला. पोलंडबाहेर हे नाव फार थोड्यांना माहीत आहे, पण ज्यांना माहीत आहे ते ‘मूनशाइन’ला या प्रकारातल्या उत्तम अल्बममध्ये धरतात. मीही धरतो.

अडचण अशी की हे संगीत आपल्यापर्यंत धड क्रमाने पोचत नाही. अ‍ॅपवर नाव टाकलं की भलतंच काही वाजतं, वादक चार वेगवेगळ्या बँडांत विखुरलेले दिसतात, गायक प्रत्येक टप्प्यावर बदललेला असतो. नवा माणूस एखादं गाणं ऐकतो, ‘मॅरिलियन या ब्रिटिश बँडसारखं वाटतंय’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. तसं होऊ नये म्हणून वाट जरा आखून देतो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

सत्तरच्या दशकात जेनेसिस, येस वगैरे ब्रिटिश बँडांनी रॉकची गाणी लांबवली आणि त्यात कीबोर्डचे थर, कथानकं, मधेच बदलणारे ताल आणले. पुढे पंकच्या लाटेत ही मंडळी जुनाट ठरली. ऐंशीच्या सुरुवातीला मॅरिलियन, आयक्यू, पेंड्रॅगन, पॅलस अशा तरुण बँडांनी तोच धागा पुन्हा उचलला, मात्र त्यांचा आवाज नव्या सिंथेसायझरचा होता आणि गाण्यांत वैयक्तिक दुखणी जास्त होती. याला निओ-प्रोग्रेसिव्ह म्हणतात. मॅरिलियनचा पहिला अल्बम १९८३ चा.

पोलंडमध्ये या संगीताला जीव लावणारा श्रोता आधीपासून होता. १९७० मध्ये गायक चेस्वाफ न्येमेन यांनी हॅमंड ऑर्गनवर सोळा मिनिटांचं ‘बेमा पामिएन्चि झाओब्नी रापसोद’ केलं होतं. एका जुन्या कवितेवरचं ते शोकगीत आजही ऐकावं असं आहे. कातोवित्सेच्या परिसरातला एसबीबी हा बँडही सत्तरच्या दशकातला. परदेशी तबकड्या मिळणं दुरापास्त होतं तेव्हा सरकारी रेडिओची तिसरी वाहिनी, तिथल्या लोकांच्या तोंडी ‘त्रुइका’, अख्खे अल्बम लावायची आणि लोक ते कॅसेटवर भरून घ्यायचे. ‘कोलाज’ची पोरं याच हवेत वाढली. त्यांच्या संगीतात ब्रिटिश छाप दिसते ती अशी, प्रेमातून आलेली.

काय काय लागेल

- दोन्ही कानांचे बऱ्यापैकी हेडफोन, किंवा दोन स्पीकर. ब्लूटूथचा एकच डबा नको. डावी-उजवी बाजू एकत्र झाली की कीबोर्ड आणि गिटार एकमेकांत मिसळून जातात.
- गाण्यांच्या मधोमध जाहिरात न येणारी कुठलीही सेवा. १४ मिनिटांच्या गाण्यात दहाव्या मिनिटाला टूथपेस्टची जाहिरात आली की सगळं मुसळ केरात.
- सलग सव्वा तास.
- सीडी मागवायची असेल तर परदेशी व्यवहारांसाठी चालू केलेलं कार्ड आणि ओळखपत्राची स्कॅन केलेली प्रत. त्याबद्दल सातव्या पायरीत.

संगीताचं शिक्षण लागत नाही. पोलिश भाषाही लागत नाही, कारण ‘मूनशाइन’ इंग्रजीत आहे.

१. आधी बरोबर ‘कोलाज’ गाठा

बहुतेक जण इथेच अडकतात. याच नावाचा एस्टोनियात एक गायकवृंद होता, साठ-सत्तरच्या दशकातला, लोकगीतं जॅझच्या अंगाने म्हणणारा. फार सुंदर गातात, पण आपले ते नव्हेत. अमेरिकेत याच नावाने नाचाची गाणी काढणारेही आहेत. अ‍ॅपवर तर या सगळ्यांचे अल्बम कधी कधी एकाच पानावर गोळा झालेले असतात.

म्हणून नुसतं बँडचं नाव टाकू नका. रोमन लिपीत ‘कोलाज’ आणि ‘मूनशाइन’ हे दोन्ही शब्द एकत्र टाका. पहिलं गाणं ‘हीरोज क्राय’ आणि दुसरं ‘इन युवर आइज’ असेल तर बरोबर ठिकाणी आलात.

नावांचा आणखी एक घोळ आधीच सांगून ठेवतो. पोलिश माणसाचं पाळण्यातलं नाव आणि रोजच्या वापरातलं नाव निराळं असतं, आणि अल्बमवर दोन्हींपैकी कुठलंही छापलेलं असतं. वोयचेख आणि वोयतेक हा एकच माणूस. मिरोस्वाफ म्हणजेच मिरेक, तोमाश म्हणजेच तोमेक, बार्तोश म्हणजेच बार्तेक. हे ठाऊक नसलं की पाच जणांचा बँड दहा जणांचा वाटू लागतो. शोधताना अक्षरांवरच्या-खालच्या टिंबा-रेघा गाळून साधी रोमन अक्षरं टाकली तरी चालतं.

२. अ‍ॅपच्या चार सेटिंग बघून घ्या

‘शफल’ बंद. ‘क्रॉसफेड’ बंद, हे चालू असेल तर एका गाण्याचा विझत जाणारा शेवट पुढच्या गाण्याच्या सुरुवातीखाली दबतो. इक्वलायझरमधलं ‘बास बूस्ट’ बंद. या संगीताचा सगळा जीव मधल्या पट्टीत आहे, तिथे कीबोर्डचे दोन-तीन थर, गिटार आणि गळा असे सगळे एकदम असतात. खर्ज फुगवला की ते गढूळ होतं. आवाज आपोआप सारखा करणारी सोय असेल तर ती ‘अल्बम’वर ठेवा, नाहीतर बंद करा. हळुवार जागा हळुवारच ऐकू आल्या पाहिजेत.

३. ‘मूनशाइन’ पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत, क्रमाने

अल्बम साधारण ६६ मिनिटांचा, गाणी आठ. वाजवणारे असे: गाणारा रॉबर्ट अमिरियान, गिटारवर मिरेक गिल, कीबोर्डवर क्शिश्तोफ पालचेव्स्की, बासवर प्योतर वितकोव्स्की आणि ड्रमवर वोयतेक शाडकोव्स्की. ही पाच नावं लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्यावरच उभ्या आहेत.

पोलंडबाहेर हा अल्बम ‘एसआय म्यूझिक’ या डच कंपनीने काढला. मुखपृष्ठावर ज्जिस्वाफ बेक्शिन्स्की यांचं चित्र आहे. बेक्शिन्स्की हे सानोक गावचे, जन्म १९२९ चा. उजाड प्रदेश, हाडकुळ्या आकृती, धुळकट उजेड असं त्यांचं जग, आणि आपल्या चित्रांना ते नावं देत नसत. अल्बम ऐकताना ते मुखपृष्ठ मोठं करून समोर ठेवा. फोनवरच्या बोटभर चौकोनात त्याचं काहीच कळत नाही.

‘हीरोज क्राय’ पाच मिनिटांचं आहे, दाराशी स्वागत करावं तसं. खरी कसोटी लगेच पुढे आहे. ‘इन युवर आइज’ १४ मिनिटांहून थोडं मोठं. नवा श्रोता इथे गळतो, कारण तो अंतऱ्यानंतर धृपद यायची वाट बघत बसतो. ती वाट बघू नका. या गाण्यात वाद्यांचे लांब पट्टे हे दोन कडव्यांमधली भर नाहीत, गाण्याचा अर्थ तिथेच पुढे सरकतो. पहिल्यांदा ऐकताना फक्त पालचेव्स्कीच्या कीबोर्डवर लक्ष ठेवा: खाली तंतुवाद्यांसारखा पसरलेला थर कधी येतो, कधी काढून घेतला जातो, आणि त्यावर एकेरी सुरांची धून कुठे सुरू होते. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा फक्त गिटार धरा.

गिलच्या गिटारबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मला या बँडची ओढ लागली ती तिच्यामुळे. त्याला वेगाची हौस नाही. एक सूर लावला की तो लांबवर धरून ठेवायचा, बोटाने तार ओढून वरच्या सुरावर न्यायचा, तिथे किंचित थरथरवायचा आणि मग सोडायचा. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात त्याच्या फार जवळचं हे काम आहे. म्हणूनच शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या माणसाला, रॉकची अजिबात सवय नसली तरी, गिलची गिटार लवकर कळते असा माझा अनुभव आहे. मॅरिलियनचा गिटारवादक स्टीव्ह रॉथरी याचा प्रभाव उघड आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण रॉथरीच्या सुरात एक थंड स्वच्छपणा आहे. गिल जास्त हळवा, जास्त उघडा.

अमिरियानचा आवाज उंच आणि मऊ आहे, आणि इंग्रजी उच्चारांत पोलिश वळण ऐकू येतं. पहिल्या दोन गाण्यांत ते खटकू शकतं. त्यावरून मत बनवू नका. ‘लिव्हिंग इन द मूनलाइट’ हे पावणेपाच मिनिटांचं साधं गाणं येईपर्यंत त्या गळ्याची सवय होते, आणि मग तोच उच्चार नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं असं होतं.

पुढचा डोंगर म्हणजे ११ मिनिटांचं ‘विंग्ज इन द नाइट’ आणि लगेच १३ मिनिटांचं शीर्षकगीत. ही दोन्ही एका बैठकीत, मधे न उठता ऐका. ‘मूनशाइन’ हे शीर्षकगीत एकटं काढून कुणाला पाठवण्याचा मोह होतो, पण आधीच्या पाऊण तासाशिवाय त्याचं वजन अर्धंच जाणवतं. ताल बदलतात तिथे गोंधळलात तर मात्रा मोजून बघा. या प्रकारच्या संगीतात सात मात्रांचे तुकडे बरेच येतात. रूपकची सवय असेल तर तुमचा हात आपोआप बरोबर जागी पडेल.

एकदा ऐकून आवडला नाही तर? आठवडाभर जाऊ द्या आणि पुन्हा ऐका. दुसऱ्या खेपेला धुना ओळखीच्या झालेल्या असतात आणि अल्बम बराच छोटा वाटतो. तेव्हाही मन लागलं नाही तर पाचव्या पायरीवर जा, कदाचित दुसरी फांदी तुमची असेल.

४. मग मागे: ‘बाश्न्ये’

‘बाश्न्ये’ म्हणजे परीकथा. हा पहिला अल्बम, १९९० चा, संपूर्ण पोलिशमध्ये. गायक वेगळा, तोमेक रुझित्स्की. ध्वनिमुद्रण ‘मूनशाइन’इतकं भरदार नाही, ड्रमचा आवाज पातळ आहे, आणि तरीही यात एक कोवळेपण आहे जे पुढे कुठल्याच अल्बमात परत सापडत नाही. शब्द कळत नाहीत याची चिंता नको. पोलिशमधले ‘श’, ‘च’, ‘झ’ सुरांत असे मिसळतात की ही भाषा गाण्यासाठी किती योग्य आहे ते ऐकूनच कळतं. ‘या इ ती’ (मी आणि तू) या गाण्यापासून सुरुवात करा.

सावध राहायची जागा: याच्या आणि ‘मूनशाइन’च्या मधे १९९३ मध्ये त्यांनी ‘नाइन साँग्ज ऑफ जॉन लेनन’ नावाचा अल्बम काढला. लेननची नऊ गाणी आपल्या पद्धतीने. ओळखीची गाणी दिसतात म्हणून नवा माणूस नेमका हाच आधी लावतो. बँडचा स्वभाव त्यातून कळत नाही. तो सगळं ऐकून झाल्यावर ऐका, तेव्हा मजा येते. १९९५ चा ‘सेफ’ मात्र ‘मूनशाइन’ पचल्यावर लगेच घ्यायला हरकत नाही.

५. बँडचं नाव सोडा, माणसांचा माग काढा

‘सेफ’नंतर बँड थांबला, पण माणसं थांबली नाहीत. इथून दोन फांद्या फुटतात.

पहिली फांदी ड्रमर शाडकोव्स्कीची. त्याने ‘सॅटेलाइट’ सुरू केला आणि गायला अमिरियानलाच घेतलं. म्हणजे ‘मूनशाइन’चा गळा हवा असेल तर इथे या. पहिला अल्बम ‘अ स्ट्रीट बिटवीन सनराइज अँड सनसेट’ २००३ चा, मग २००४ मध्ये ‘ईव्हनिंग गेम्स’, २००७ मध्ये ‘इनटू द नाइट’ आणि २००९ मध्ये ‘नॉस्टॅल्जिया’. पहिल्यावरचं ‘नो डिस्ग्रेस’ ऐकलंत की पुढे जायचं की नाही ते तुमचं तुम्हाला कळेल. संगीत ‘कोलाज’पेक्षा गुळगुळीत, जास्त घोटलेलं. मला पहिले दोन पुरेसे वाटतात.

दुसरी फांदी गिलची. आधी ‘मिस्टर गिल’ आणि मग २००६ पासून ‘बिलीव्ह’. गंमत अशी की ‘बिलीव्ह’च्या पहिल्या अल्बमवर, ‘होप टू सी अनदर डे’वर, गायक आहे तोच तोमेक रुझित्स्की, ‘बाश्न्ये’वाला. शिवाय या बँडमध्ये सातोमी या जपानी वादिकेचं व्हायोलिन आहे. गिलची गिटार आणि हे व्हायोलिन एकाच धुनेवर आलटून पालटून येतात तेव्हा दोघांचं काम अगदी जवळून तपासता येतं: गिटारचा सूर विझत जातो तिथे गजाचा सूर अजून भरलेला असतो. ‘बिलीव्ह’ उदास आहे, संथ आहे, आणि माझं मत विचाराल तर ‘सॅटेलाइट’पेक्षा खोल आहे. २००८ चा ‘यस्टरडे इज अ फ्रेंड’ पावसाळी संध्याकाळी लावून बघा.

‘सॅटेलाइट’ आणि ‘बिलीव्ह’ हे रोजचे शब्द असल्याने अ‍ॅपमध्ये नुसत्या नावाने सापडणं अशक्यच. नेहमी अल्बमचं पूर्ण नाव टाका.

६. आता नवा अल्बम: ‘ओव्हर अँड आउट’

२०२२ च्या शेवटी आलेला. पाचच गाणी, त्यातलं शीर्षकगीत वीस मिनिटांहून मोठं. शाडकोव्स्की, पालचेव्स्की आणि वितकोव्स्की हे तिघे जुने. गिटारवर गिल नाही, मिखाव किरमुच आहे. गायक बार्तोश कोस्सोविच. आणि ‘मॅन इन द मिडल’ या गाण्यात पाहुणा म्हणून गिटार वाजवली आहे स्टीव्ह रॉथरीने. ज्याचं वाजवणं ऐकत हा बँड घडला, तोच त्यांच्या तबकडीवर येऊन वाजवून गेला. हे गाणं मी मुद्दाम या पायरीपर्यंत राखून ठेवायला सांगतो. ‘मूनशाइन’ मुरल्याशिवाय त्यातला आनंद पोचत नाही.

काही जुन्या श्रोत्यांना गिल नाही म्हणजे ‘कोलाज’ नाही असं वाटतं. मला ते पटत नाही. किरमुच गिलची नक्कल करत नाही हेच चांगलं आहे, आणि कोस्सोविचचा आवाज जास्त ठाम, जास्त पिकलेला आहे.

७. सीडी मागवायची असेल तर

प्रवाही सेवेवर सगळं मिळतंच असं नाही, आणि मुखपृष्ठ हातात घेऊन बघायचं तर सीडी हवी. इथे चार गोष्टी जपा.

- कार्ड: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड परदेशी खरेदीसाठी मुळात बंद असतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘इंटरनॅशनल’ चालू करा, मर्यादा घाला, पैसे गेले की पुन्हा बंद करा. पोलंड युरोपीय संघात असला तरी चलन युरो नाही, झ्लॉटी आहे; किंमत बघताना ही गल्लत करू नका, आकडा चौपटीच्या आसपास फसवतो.
- पाठवण्याचा पर्याय: पोलिश दुकानांत ‘पाचकोमात’ हा पर्याय बहुतेकदा वरच असतो. ती रस्त्यावरची पार्सलांची कपाटं, त्यांच्या देशातल्या गिऱ्हाइकांसाठी. भारतात पाठवतात का, हे पैसे भरण्याआधी ईमेलने विचारा. साध्या इंग्रजीत दोन ओळी पुरतात.
- कागदपत्रं: कुरिअरने मागवलंत तर सीमाशुल्कासाठी ओळखपत्र मागतात, आधार किंवा पासपोर्टची प्रत तयार ठेवा आणि पार्सलवरचं नाव त्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळू द्या. टपालाने आलं आणि शुल्क लागलं तर पोस्टमन ते दारात वसूल करतो, पावती घ्या.
- आवृत्ती: ‘मूनशाइन’च्या जुन्या आणि नंतरच्या आवृत्त्या बाजारात आहेत. वापरलेली प्रत घेत असाल तर तबकडीचा आणि आतल्या पुस्तिकेचा फोटो मागा. ‘मूळ आवृत्ती’ असं नुसतं लिहिलेलं पुरेसं नाही.

एकच सीडी मागवण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून मागवा. टपालखर्च बऱ्याचदा सीडीच्याच तोडीचा असतो.

८. इथून पुढे

कोस्सोविच आवडला असेल तर ‘क्विदाम’कडे जा. इनोव्रोत्स्वाफ गावचा हा बँड, पहिला अल्बम १९९६ चा. तेव्हा तिथे एमिला देर्कोव्स्का गायची, आणि तिच्या आवाजातले पहिले तीन अल्बम अगदी निराळे आहेत, लोकसंगीताच्या वळणाचे. तिसऱ्या अल्बमच्या दोन आवृत्त्या आहेत, ‘द टाइम बिनीथ द स्काय’ इंग्रजीत आणि ‘पॉद न्येबेम चास’ पोलिशमध्ये, पोलिश घ्या. कोस्सोविच २००५ च्या ‘सररिव्हायव्हल’पासून. ‘क्विदाम’चा गिटारवादक माचेय मेल्लेर पुढे ‘रिव्हरसाइड’मध्ये गेला, आणि ‘रिव्हरसाइड’ हे पोलंडचं या क्षेत्रातलं जगभर पोचलेलं नाव आहे, त्यांना शोधायला कुणाची मदत लागणार नाही.

पोलिश भाषाच आवडू लागली असेल तर बिडगॉश्चचा ‘अब्राक्सास’ आणि त्यांचा १९९८ चा ‘सेन्तुरिए’. नॉस्ट्रडॅमसच्या विषयावरचा हा अल्बम आक्रमक आहे, नाट्यमय आहे, आदाम वास्सा गाताना अक्षरशः भूमिका करतो. क्राकूफच्या ‘मिलेनियम’चं संगीत याउलट सौम्य आहे; दिवसभराच्या कामानंतर, डोकं शिणलेलं असताना मी तेच लावतो.